हिरव्या फ्रॉकची दुमड

६ जानेवारी, सोमवार

तिने माझ्या दुमडीला हात लावला. फ्रॉक मी शिवलेला, दुमड मी घातलेली, आणि त्या बाईने घरी बसून ती उसवली, फ्रॉक लांब केला आणि खाली हाताने धावदोरा घालून ठेवला. धावदोरा तरी कसला! मुंगीला चक्कर आली तर ती जशी चालेल तसा.

आता नमस्कार. कुणाला करायचा ते माहीत नाही, पण वहीच्या सुरुवातीला करतात. वकील म्हणाला, "आजी, दर रविवारी नात आली की सगळं लिहून ठेवत जा. काय घालून येते, काय खाते, तिकडचं काय सांगते. कोर्टात उपयोगी पडतं." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. तो म्हणाला, जसं बोलता तसं लिहा. तसं लिहिलं तर न्यायाधीशाला कान धुवावे लागतील. पण मी लिहिते. मला सांगायचंय पुष्कळ आणि ऐकायला इथे फक्त गिऱ्हाइकांचे कोट टांगलेत.

माझं कपडे दुरुस्तीचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. पुढे मशीन आणि इस्त्रीचं टेबल, मागे आमची खोली, आणि मध्ये भिंतीऐवजी लांब दांडीवर टांगलेले कोट. मुलगा माझ्याजवळ राहतो. त्याला मी या वहीत चिरंजीव म्हणेन. तो फर्निचरच्या दुकानात विक्रीला आहे. त्याचा घटस्फोट झालाय. नात आठ वर्षांची, एका जागी उभी राहत नाही, स्वतःभोवती फिरत असते म्हणून भिंगरी. ती आईकडे राहते, आई चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, आणि दोघी राहतात आईच्या आईकडे. ती माझी विहीण. बोलायला इतकी गोड की तिच्याशी दोन वाक्यं बोलून आलं तरी चूळ भरावीशी वाटते. मी तिला साखरबाई म्हणते. तोंडावर नाही.

कोर्टाने चिरंजीवाला पोटगी लावली आहे. मुलगी मोठी होईपर्यंत दर महिन्याला द्यायची. आणि रविवार बापाचा. बाप सकाळी भिंगरीला माझ्याकडे सोडतो आणि कामावर जातो, कारण फर्निचरला गिऱ्हाईक रविवारीच येतं. म्हणजे रविवार माझा. बाकीचा आठवडा साखरबाईचा. ही वाटणी कोर्टाने केली की देवाने, दोघांनाही हिशेब येत नाही.

तर हा हिरवा फ्रॉक. भिंगरी पहिलीत गेली तेव्हा मी शिवला, आत तळहाताएवढी दुमड ठेवून, पोर वाढेल तसा सोडायला. सोडणार मी होते. साखरबाईने सोडला. भिंगरी गेल्यावर मी म्हटलं, पुढच्या रविवारी सगळं उसवून मशीनवर घालते, मग कळेल तिला.

१२ जानेवारी, रविवार

घातली. भिंगरीला माझा झगा घालून टेबलावर बसवलं आणि फ्रॉकची दुमड उसवून पुन्हा मारली. टीप अशी सरळ की पट्टी ठेवून बघावी.

भिंगरी म्हणाली, "आजी, घरच्या आजीने शिवलेलं तू का काढलंस?"

"वाकडं होतं."

"तिला दिसत नाही ना नीट, म्हणून. सुई मी ओवून दिली होती."

सुईसुद्धा तिच्याकडूनच ओवून घेते. माझ्याकडे पोर येते तेव्हा मी तिला सुईला हात लावू देत नाही, टोचेल म्हणून, आणि तिकडे ती बाई तिच्या मांडीला मांडी लावून शिवणकाम करते! आणि ती "घरची आजी" काय! मी विचारलं, "ती घरची, मग मी कुठली?" भिंगरीने गिरकी घेतली आणि म्हणाली, "तू रविवारची."

इस्त्री जरा जास्त वेळ एका जागी राहिली. कुणाची तरी पँट होती. पिवळा डाग पडलाय, बघू काय करायचं.

पोरीच्या पायात नवे बूट होते, निळे, चांगल्यातले. मी विचारलं, कुणी घेतले. म्हणाली, "बाबांनी पाठवले." मला बरं वाटलं. म्हणजे पैसा माझ्या मुलाचा. पण बाप दर रविवारी भेटत असताना बूट पाठवायची काय गरज, हातातच द्यायचे की. संध्याकाळी चिरंजीवाला विचारलं तर त्याने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "अगं, पोटगीतलेच झाले ना ते. म्हणजे मीच."

खरं आहे. पण निवडले साखरबाईने. दुकानात गेली असेल पोरीचा हात धरून, पोरीने हा का तो केलं असेल, मग खुर्चीवर बसून पाय पुढे केला असेल. पैसे आमचे आणि मजा तिची.

२१ जानेवारी, मंगळवार

वकिलाकडे गेले होते. चिरंजीवाने पोटगी कमी करून मिळावी म्हणून अर्ज करायचा ठरवलंय. वही दाखवली. मी म्हटलं, "वकीलसाहेब, फ्रॉकचं नीट वाचा. एवढी पोटगी घेतात आणि पोर दोन वर्षांपूर्वीच्या फ्रॉकमध्ये येते. परवा तर स्वेटरची बाही कोपराच्या खाली येईना. पैसे जातात कुठे? साखरबाईने पडदे बदलले असतील, नाहीतर दात बसवून घेतले असतील. हे न्यायाधीशाला सांगा."

वकिलाला खोकला आला. चिरंजीव खिडकीतून बाहेर बघायला लागला, जणू बाहेर त्याचं कुणी नातेवाईक चाललंय.

"आजी," वकील म्हणाला, "कपड्यांचं नका लिहू. दुसरं काही लिहा."

"का? हेच तर मला कळतं."

"ते... त्याने मुद्दा भलतीकडे जातो."

शिकलेली माणसं. बरोबर मुद्दा समोर दिला की तो भलतीकडे जातो. बाहेर आल्यावर चिरंजीव मला म्हणाला, "आई, तू जरा कमी बोलत जा." मोटारसायकलवर बसले त्याच्या मागे. नवीन आहे, हप्त्याने घेतलीय, दुकानाच्या मालकाने हमी दिली म्हणे. मागे बसणारीसाठी वेगळं हेल्मेट आहे, जांभळं. मला घट्ट होतं. माझं डोकं मोठं नाही, हेल्मेटच लहान आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

कोर्टाचा माणूस आला होता. मी त्याला छत्रीवाला म्हणते, कारण कडक उन्हात छत्री घेऊन फिरतो. चिरंजीव आत जेवत होता. आवाज ऐकला तसा ताटासकट कोटांमागे सरकला.

छत्रीवाल्याने चिरंजीवाचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "आहेत का?"

"नाही."

"कधी भेटतील?"

"फर्निचरवाला आहे तो. खुर्ची विकायची तर गिऱ्हाईक उभं असेल तिथे जावं लागतं."

चिरंजीवाने मला आधीच समजावून ठेवलंय. तिकडच्यांनी पोटगी वाढवून मागितलीय, आणि हा कागद त्याने हातात घेतला की वाढली म्हणूनच समज. म्हणून घ्यायचाच नाही. मला एवढं पुरे. साखरबाईला आणखी हवंय! पोरगी तिच्याकडे, हसणं तिच्याकडे, शाळेतून आल्यावरच्या गप्पा तिच्याकडे, आणि वर पैसेही वाढवून. खोटं बोलताना माझ्या तोंडाला बिलकुल कोरड पडली नाही.

छत्रीवाल्याच्या कोटाचा आतला खिसा फाटलाय. कागद ठेवून ठेवून फाटला म्हणाला. तसाच जाणार होता, मी म्हटलं, बसा, शिवून देते. दुहेरी कापड लावून दिला, पाच वर्षं हलणार नाही. पैसे पुरेपूर घेतले. कोटांमागून चमचा पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मांजर. छत्रीवाला म्हणाला, "चमच्याने जेवतं का?" बरा आहे माणूस.

२ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीने आज माझ्या शेजारी बसून बटणांचे रंग वेगळे केले. तिचे पुढचे नवे दात आता पुरते खाली आलेत, सशासारखे. मी विचारलं, "पोहायच्या शिकवणीत कुठवर आलीस?" मी चिरंजीवाला महिन्याला वेगळे पैसे देते त्या शिकवणीचे. माझ्या इस्त्रीचे, पोटगीशी त्याचा संबंध नाही. पोटगीत पोहणं बसत नाही असं तो म्हणाला होता.

"मी नाही जात पोहायला."

"कधीपासून?"

"कधीच नाही गेले." आणि लगेच, "आजी, हे बटण पांढरं की पिवळं?"

बघा! मी पैसे देते, बाप नेऊन पोचवतो, आणि साखरबाई पोरीला पाण्यात उतरू देत नाही. थंडी वाजेल, केस ओले होतील, असलं काहीतरी गोड गोड बोलून घरात बसवलं असेल. आणि माझे पैसे? ते तिकडेच मुरले. आता मात्र हद्द झाली. जाते मी. पोरगी स्वेटर विसरून गेलीय, तो द्यायचं निमित्त आहे. एकदा तिचं ते घर डोळ्यांनी बघायचंय. पडदे बघायचेत.

हिरव्या फ्रॉकची दुमड संपली. आज बघितलं, आत कापडच उरलं नाही. माझ्या टिपेच्या खाली आणखी एकदा कुणीतरी उसवून काठ अगदी कडेवर आणलाय. तोच चक्कर आलेला धावदोरा.

५ फेब्रुवारी, बुधवार

गेले होते. लिहायला बसले पण सुरुवात जमत नाही. सरळ लिहिते.

जिना चढून गेले. दार साखरबाईने उघडलं. म्हणाली, "अगंबाई, विहीणबाई! या ना, या. पायाखाली जपून." पायाखाली पुठ्ठे. सगळ्या खोलीभर पुठ्ठ्यांचे ढीग. घड्या घालून खोकी करायची, औषधांच्या बाटल्यांची. मला वाटलं, सामान हलवतायत. तर नाही. ती करते ते काम. डोळ्यांना भिंग लावून, जमिनीवर उशी घेऊन. तिच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे, लग्नातच लंगडत होती.

पडदे तेच. पोरांच्या लग्नात मी भेट दिले होते ते. विटलेत.

आतली खोली बंद होती. मी विचारलं, कोण आहे आत? म्हणाली, "भाडेकरू ठेवलाय हो. कॉलेजचा मुलगा. गुणी आहे." आणि तुम्ही? "मी इकडे." स्वयंपाकघरात ओट्याखाली खाट घातलेली. म्हणजे खाट म्हणायची. भिंगरी आणि तिची आई बाहेरच्या खोलीत.

मी मनात म्हटलं, नाटक आहे. मला दाखवायला मांडलंय. पण मी येणार हे तिला माहीत नव्हतं. पुठ्ठ्यांवर धूळ होती कडेला, आज मांडलेले नव्हते ते.

मी स्वेटर दिला आणि म्हटलं, "विहीणबाई, माझ्या मुलाची पोटगी दर महिन्याला येते. मी पोहायचे वेगळे देते. मग पोरीला दोन वर्षांचा फ्रॉक का? आणि वर वाढवून कशाला मागता?"

साखरबाई उभी होती ती खाली बसली. गुडघा वाजला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बंद दाराकडे, भाडेकरूला ऐकू जाईल म्हणून. हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला काहीच सांगितलं नाही का त्यांनी?"

"काय सांगायचं?"

"विहीणबाई, वाढवून नाही मागितली. आहे तीच मागितलीय. भिंगरीचे पुढचे दात पडले ना, तेव्हा शेवटची आली होती."

मी तिला खोटी म्हणाले. तिच्या तोंडावर, तिच्या घरात. बँकेचं पुस्तक काढून दाखवेल असं वाटलं, तर तसंही नाही. म्हणाली, "चहा ठेवते." चहा ठेवला. तिथे उभी राहून, पाठमोरी, मला म्हणते कशी, "तुम्ही पोरीसमोर काही बोलू नका. तिला सांगितलंय, बाबा पाठवतो म्हणून. बूट, वह्या, सगळं बाबा पाठवतो. शाळेत मुलं विचारतात हो. तिच्या मनात नको."

म्हणजे ते निळे बूट. पुठ्ठ्याची खोकी करून करून या बाईने बूट घेतले आणि नाव माझ्या मुलाचं लावलं.

मला तिचा इतका राग आला की चहा न पिताच कप खाली ठेवला. एवढं चांगलं वागायचं काय अडलं होतं हिला? शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. आठवडा तिचा, पोरगी तिची, आणि आता मोठेपणाही तिचाच. माझ्या वाट्याला काय ठेवलं?

तेवढ्यात सून आली कामावरून. जुनी सून. मला बघून चपला काढायच्या थांबली. "अहो आई, तुम्ही?" आणि लगेच तिकडे, "अगं आई, ह्यांना बिस्किटं दे ना." मला "अहो", तिला "अगं". दहा वर्षं मी त्या "अहो"मध्ये काढली आणि आज तेवढंच ऐकू आलं.

जिन्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "पैसे येत नाहीत, तर रविवारी पोर का पाठवतेस? मी असते तर दाराला कडी घातली असती."

"रविवार तिचा आहे, आई. बापाचा नाही, माझा पण नाही. पैशाचा आणि त्याचा संबंध नसतो. कोर्टाने तसंच सांगितलंय." मग म्हणाली, "आणि ती तुमच्याकडेच असते ना दिवसभर. मला माहीत आहे. मोटारसायकल तुमच्या दुकानासमोर थांबत नाही, ते ती सांगते."

खाली उतरताना माझ्या लक्षात आलं, स्वेटर देऊन आले पण त्याची बाही वाढवायची राहिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चिरंजीवाला विचारलं. आधी चहा दिला, मग विचारलं, नाहीतर उपाशीपोटी माणूस जास्त खोटं बोलतो.

"आई, तू तिकडे गेलीसच कशाला?"

"पोटगी देतोस की नाही?"

"देणार आहे. एकदम देणार आहे. सध्या ओढाताण आहे."

"ओढाताण बाहेर उभी आहे. तिला आरसे आहेत आणि जांभळं हेल्मेट आहे."

तो म्हणाला, तू कुणाच्या बाजूची? मी म्हटलं, मी मशीनच्या बाजूची, दिवसभर तिथेच बसते. पोहायचे पैसे कुठे गेले विचारलं तर म्हणाला, "तेही द्यायचेत." कुणाला द्यायचेत, तळ्याला?

मग त्याने आवाज बदलला. लहानपणी ताप आला की असा बोलायचा. "आई, तो कागद मी हातात घेतला तर पुढे फार वाढेल. पगारातून कापतील. मोटारसायकल जाईल. आणि ते रविवार बंद करतील, माझा बंद म्हणजे तुझा बंद. तू राहशील भिंगरीशिवाय? तुला तेच हवंय का? सगळी पोरगी त्या बाईच्या घशात?"

त्याला माहीत आहे माझं कुठे दुखतं. मीच पाजून वाढवलेला आहे.

मी एका मास्तरणीचा स्कर्ट करायला घेतला. सुनेने जिन्यात सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. बघू म्हटलं, किती वेळ हेच सांगतो. संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल छत्रीवाल्याची मला धास्ती होती, रविवारी येतो की काय. आला नाही. आज आला. चिरंजीव पुन्हा कोटांमागे. या वेळी ताट नव्हतं, नुसते पाय दिसत होते, लांब ओव्हरकोटाखाली. बिनमोज्यांचे.

मी "नाही" म्हटलं. हो, आजही म्हटलं. वहीत खोटं कशाला लिहू. सवयीने तोंडातून गेलं, आणि माझ्या मनात साखरबाईची खाट होती आणि रविवारही होता, दोन्ही एकदम.

छत्रीवाला म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला सांगतो काय कागद आहे तो. थकलेल्या पोटगीचा. त्यांच्या हातात द्यायचाय. घेतला तर कोर्टात उभं राहून काय ते सांगता येईल, हप्ते मागता येतील. नाही घेतला तर पुढच्या वेळी मी एकटा नाही येणार."

"आणि पोरीला रविवारी बापाकडे पाठवतात, ते बंद होतं का याने?"

"छे. त्याचा याच्याशी काय संबंध?"

मी ओव्हरकोटाकडे बघितलं. पाय हलले नाहीत. म्हणजे ऐकलं त्याने. ऐकलं आणि हलला नाही.

छत्रीवाल्याने आतल्या खिशावर हात मारला. "मस्त शिवलाय खिसा. कागदाची घडीसुद्धा मोडत नाही आता." पुढच्या सोमवारी येतो म्हणाला, दुसरा कोट घेऊन, त्याचाही खिसा करायचाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीला नवा फ्रॉक शिवला. कापड मी आणलं, गिऱ्हाइकाचं उरलेलं नाही, दुकानातून नवं, पिवळं. मापं घेताना ती काही केल्या उभी राहीना, कमरेचं माप घेता घेता फितीत गुंडाळली गेली. दुमड भरपूर ठेवलीय. टाका जरा मोठा घातला. साखरबाईला उसवायला सोपं जावं म्हणून नाही, दोरा संपत आला होता.

भिंगरी आरशासमोर फिरली. म्हणाली, "बाबांनी पाठवलं का कापड?"

माझ्या तोंडात "हो" आलं होतं. साखरबाई म्हणाली असती "हो". पण तिचं एवढं मोठं मन माझ्याकडे नाही आणि मला ते उसनंही घ्यायचं नाही. मी म्हटलं, "नाही. मी आणलं. मी म्हणजे मी."

"बरं," भिंगरी म्हणाली. "मग घरच्या आजीला सांगते, रविवारच्या आजीने केला."

"सांग. आणि सांग, दुमड सोडायची वेळ आली की फ्रॉक इकडे आणायचा. तिने हात लावायचा नाही."

"तिला आवडतं पण शिवायला."

"मग तिलाच घेऊन ये. इथे बसून शिवू दे, माझ्या डोळ्यांसमोर. सुई मी ओवून देईन."

हे मी का बोलले मला माहीत नाही. बोलून गेले. आता ती खरंच येईल, गोड गोड बोलत, आणि माझ्या खुर्चीवर बसेल.

चिरंजीव संध्याकाळी उशिरा आला, भिंगरीला पोचवायला. पिवळ्या फ्रॉककडे बघून म्हणाला, "वा, कुणी घेतला?" भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "बघ, आपल्याकडून किती मिळतं." आपल्याकडून!

तिला पोचवून तो परत आला नाही. मित्राकडे राहतो म्हणून फोन आला. सोमवार टळला असं त्याला वाटत असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही वही आता वकिलाची नाही. ही तुझ्यासाठी लिहिते, चिरंजीवा. टेबलावर उघडी ठेवते, वर इस्त्री ठेवते म्हणजे उडणार नाही. गरम नाही, हात लावायला हरकत नाही.

छत्रीवाला दुपारी आला होता. त्याच्या दुसऱ्या कोटाचा खिसा मी करायला घेतला. त्याने तुझं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं, "आज नाही. उद्या सकाळी असेल, नक्की. कपडे बदलायला यावंच लागेल त्याला, कपडे माझ्याकडे आहेत." तुझे दोन्ही शर्ट मी भिजवलेत. अंगावरचा एकच आहे.

कोटांची दांडी मी काढली. सगळे कोट गिऱ्हाइकांना बोलावून देऊन टाकले, इस्त्री झालेले आणि न झालेलेही. एकाने भांडण काढलं, त्याला म्हटलं परत आण, फुकट करते. आता दारातून मागच्या खोलीतली भिंत दिसते. लपायचं असलं तर खिडकीचा गज वाकवावा लागेल.

साखरबाई तुझ्या नावाने बूट घेते आणि मी तुझ्या नावाने "नाही" म्हणते. तिला काय वाटायचं ते तिचं ती बघेल. मला तिच्याशी बरोबरी करायची नाही, जमणारही नाही. पण माझ्या नातीच्या फ्रॉकला तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा दुमड सोडावी, हे मला सहन होत नाही. तुला झालं.

उद्या सकाळी तो येईल. मी मशीनवर असेन, छत्रीवाल्याच्या खिशाला दुहेरी टीप घालत. वर बघणार नाही. चहा विचारणार नाही. मांजर म्हणणार नाही. तो दारात उभा राहून तुझ्या पूर्ण नावाने हाक मारेल. ते नाव तुझ्या बापाने तुला ठेवलंय, मला नाही.

हाक आली की पुढे यायचं, आणि ओ तूच द्यायची.